खेडवरून जाणारे दोन आकडे

नकाशावर मुंबई विमानतळापासून कोचीच्या विमानतळापर्यंत पट्टी ठेवून सरळ रेघ ओढा. ती कुठून जाते? जवळजवळ थेट आपल्या कोकणातल्या खेडवरून! अशा उड्डाणाचा आराखडा आखताना संगणकाला दोन आकडे सांगावे लागतात: उंची आणि वेग. समजा, ३५,००० फूट आणि ४५० नॉट. आराखड्यात ते असे लिहितात: एन०४५०एफ३५०. एवढ्याशा ओळीत किती चमत्कार भरलेत पाहा.

३५,०००च का, ३४,००० का नाही? ते दिशेवर ठरतं. होकायंत्राच्या ० ते १७९ अंशांकडे निघालेल्या विमानाला विषम हजार, १८० ते ३५९ अंशांकडे निघालेल्याला सम. मुंबईहून कोची साधारण १५९ अंशांवर, म्हणून जाताना विषम आणि येताना सम. समोरासमोर येणाऱ्या विमानांमध्ये हजार फुटांचं अंतर आपोआप राहतं!

पण ही उंची मोजतं कोण? उंचीमापकाला जमीन दिसतच नाही. त्याला कळतो फक्त बाहेरच्या हवेचा दाब. तो २३८ हेक्टोपास्कलवर उतरला की काटा म्हणतो, ३५,००० फूट. हा हिशेब ज्या आदर्श वातावरणाचा, तिथे समुद्रसपाटीला तापमान १५ अंश धरलेलं असतं. कोकणात १५ अंश? इथली हवा उष्ण, त्यामुळे फुगलेली. तोच दाब गाठेपर्यंत विमान प्रत्यक्षात हजार फुटांहून अधिक वर गेलेलं असतं! मग धोका? मुळीच नाही. तिथल्या सगळ्याच विमानांचे काटे सारखेच मागे असतात. दोन घड्याळं दहा-दहा मिनिटं मागे असली, तरी त्यांचं एकमेकांशी जमतंच की!

वेगाची गंमत तर याहून भारी. ४५० नॉट म्हणजे ताशी ८३३ किलोमीटर. वैमानिकासमोरचा वेगमापक मात्र त्याच क्षणी जेमतेम २६५ नॉट दाखवतो! कारण तोही मोजतो समोरून आदळणाऱ्या हवेचा दाब, आणि त्या उंचीवर हवेची घनता समुद्रकाठच्या एक तृतीयांशाहूनही कमी. पंखांनाही हा दाबच जाणवतो. म्हणून तर इतक्या वेगात जाऊनही हवेचा विरोध कमी राहतो आणि इंधन वाचतं.

आणि वारा? पावसाळ्यात नैर्ऋत्येचे वारे ढग आणतात, जगबुडी नदीला पूर येतो. नेमक्या त्याच वेळी, दहा-अकरा किलोमीटरवर वारा वाहतो उलटा, पूर्वेकडून! आराखड्यातला वेग हवेच्या तुलनेतला असल्याने विमान जमिनीवरून किती वेगाने सरकेल, नाक किती पूर्वेकडे वळवायचं, इंधन किती लागेल, हे सगळं संगणक या वाऱ्यावरून काढतो.

म्हणजे ज्यांना आपण उंची आणि वेग म्हणतो, ते दोन्ही आकडे खरं तर हवेनेच सांगितलेले. आता खेडच्या आकाशात दक्षिणेकडे निघालेलं विमान दिसलं, तर आधी त्याची दिशा पाहा. ती १८० अंशांच्या आत, पूर्वेकडे कललेली असेल, तर सोबतच्या पोरांना खुशाल सांगा: हे बहुतेक विषम हजारांवर आहे.