विश्लेषण : सेल्फ ड्राइव्ह गाडी घाटात बंद पडली तर ‘२४ तास मदत’ येते कुठून?

स्वतःची गाडी नसली तरी आता कोकण किंवा गोव्याची सहल अडत नाही. ॲपवर तीन-चार दिवसांसाठी गाडी मिळते, चालकही लागत नाही. बुकिंगच्या पानावर ‘२४ तास रोडसाइड असिस्टन्स’ ही ओळ बहुतेक वेळा असतेच. गाडी खरोखर बंद पडली की मात्र ‘अर्ध्या तासात माणूस पोहोचेल’ हे वाक्य दर अर्ध्या तासाने ऐकावे लागते. सहल संपल्यावर डिपॉझिटमधून पैसे कापल्याचा मेसेज आला, तर मनस्ताप आणखी वाढतो. हे असे का होते आणि ग्राहकाच्या हातात काय असते?

मदत पाठवते कोण?

अनेकदा ती भाड्याने गाडी देणारी कंपनी नसतेच. तिने रोडसाइड असिस्टन्सचे, म्हणजे ‘आरएसए’चे काम दुसऱ्या कंपनीला दिलेले असते. काही वेळा ते गाडीच्या विम्याला जोडलेले पूरक संरक्षण असते. या दुसऱ्या कंपनीकडे असते ते मुख्यतः कॉल सेंटर. क्रेन आणि मेकॅनिक स्थानिक गॅरेजवाल्यांचे. समजा, पोलादपूरच्या पुढे कशेडी घाटात एक कुटुंब अडकले. त्यांचा फोन कुठल्या तरी दूरच्या शहरातल्या कॉल सेंटरला लागतो. तिथून महाड किंवा खेडच्या क्रेनवाल्याला विचारणा होते. तो निघणार की नाही, हे त्याला मिळणाऱ्या दरावर ठरते.

हा दर बहुधा ठरावीक किलोमीटरपर्यंत एकरकमी असतो. रात्री रिकामी क्रेन घाटात चढवणे त्यात परवडत नसेल तर तो नाही म्हणतो, किंवा ‘निघालो’ म्हणून निघतच नाही. मग काम दुसऱ्याकडे जाते आणि वेळ पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते. ग्राहकाला दर वेळी सांगितला जाणारा अर्धा तास असा वेगवेगळ्या माणसांचा असतो.

दुसरी अडचण ठिकाणाची. कॉल सेंटर मोबाइलवर लोकेशनची लिंक पाठवते, पण घाटात डेटाच नसेल तर ती उघडत नाही. ‘वळणावरच्या हॉटेलच्या अलीकडे’ हे वर्णन परगावच्या ऑपरेटरला निरुपयोगी असते. रस्त्याकडेच्या दगडावरचा किलोमीटरचा आकडा, शेवटचा टोल नाका आणि आपण कोणत्या दिशेने जात होतो, एवढे तीन तपशील सांगितले तरी बराच वेळ वाचतो.

फोनवर आणखी एक प्रश्न विचारायलाच हवा : हूकवाली क्रेन येणार की फ्लॅटबेड? बहुतेक पारंपरिक ऑटोमॅटिक गाड्यांत गिअरबॉक्सला तेल पुरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद ठेवून चाके जमिनीवर घासत नेली तर गिअरबॉक्स कोरडा फिरतो. इलेक्ट्रिक गाडीत फिरणारी चाके मोटरही फिरवतात आणि ती मोटर वीज तयार करू लागते. दोन्ही प्रकारांत नुकसान मोठे होऊ शकते. अशी गाडी फ्लॅटबेडवर चढवूनच न्यावी. चुकीची क्रेन आली तर ती परत पाठवणे त्रासाचे खरे, पण गिअरबॉक्सच्या बिलापेक्षा स्वस्त.

करारात वेळेची हमी असते का?

बहुतेक करारांत नसते. जाहिरातीतले ‘२४ तास’ हे फोन उचलण्याबद्दल असते, पोहोचण्याबद्दल नाही. करारात ‘वाहतूक, हवामान आणि उपलब्धतेनुसार’ अशा धर्तीची भाषा आढळते. ग्राहकाला मात्र गाडी परत करायला उशीर झाल्यास तासाप्रमाणे दंड असतो. म्हणजे वेळ एकाच बाजूने मोजली जाते.

केंद्राच्या १९८९ च्या रेंट-अ-कॅब योजनेत परवानाधारकाकडे किमान ५० गाड्या, दिवसरात्र लागणारा दूरध्वनी आणि दुरुस्तीची सोय असणे अपेक्षित आहे. अशा गाडीची नंबरप्लेट काळी आणि अक्षरे पिवळी असतात. पांढऱ्या प्लेटची गाडी हाती आली तर आधी विम्याचे विचारावे. खासगी वापराच्या विम्यात गाडी भाड्याने देणे बसत नाही, त्यामुळे अपघात झाल्यास दावा अडू शकतो. काही ॲप तर ‘आम्ही फक्त मध्यस्थ, गाडी तिसऱ्याची’ असेही करारात लिहून ठेवतात.

क्लच जळाला, तर पैसे कोणाचे?

खरा वाद इथे होतो. पाच माणसे, डिकी भरलेली, घाटात वाहतूक कोंडी आणि चालवणारा हाफ क्लचवर गाडी धरून ठेवणारा. अशा वेळी क्लच प्लेट घसरते, तापते, जळका वास येतो आणि इंजिन ओरडले तरी गाडी पुढे सरकत नाही. बऱ्याच करारांत क्लच जळणे ही ‘चालकाची चूक’ धरली जाते. मग दुरुस्ती, टोइंग आणि गाडी गॅरेजमध्ये पडून राहिलेल्या दिवसांचे भाडेही ग्राहकाच्या माथी येऊ शकते.

पण क्लच प्लेट झिजणारा भाग आहे. भाड्याच्या गाडीवर अनेक हात फिरलेले असतात, त्यातले काही गाडी नुकतीच शिकलेले. प्रत्येकाने ती थोडी थोडी घासलेली असते आणि शेवटच्या माणसाच्या हातात ती संपते. चूक कोणाची हे ठरवते कंपनीचे गॅरेज, तेही ग्राहकाच्या गैरहजेरीत. ही पद्धत न्याय्य म्हणता येणार नाही.

भाग उघडल्यावर मात्र बरेच कळते. रिव्हेटपर्यंत पातळ झालेली प्लेट दीर्घकाळची झीज सांगते. प्रेशर प्लेटवरचे निळसर डाग आणि जळून काळवंडलेला थर अति उष्णतेकडे बोट दाखवतात. म्हणून पैसे कापू देण्याआधी जॉब कार्ड, उघडलेल्या जुन्या भागांचे फोटो आणि हा क्लच आधी कधी बदलला होता त्याची नोंद लेखी मागावी. गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंचे फोटो बहुतेक जण काढतात. त्याच वेळी किलोमीटरचा आकडा दिसेल असा डॅशबोर्डचा व्हिडिओ काढून, पहिल्याच चढावर क्लच घसरत असल्यास तसे लगेच लिहून कळवले, तर पुढच्या वादात ते उपयोगी पडते.

आणि पंक्चर?

टायर, चावी आणि दिवे चालू राहून उतरलेली बॅटरी यांचा खर्च सहसा ग्राहकाचाच असतो. स्टेपनी आहे का, हे निघण्याआधी डिकी उघडून पाहावे. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर किट असेल तर गाडीत स्टेपनी न देण्याची मुभा २०२० पासून आहे. एका खिळ्याला किट पुरते, फाटलेल्या टायरला नाही. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस समृद्धी महामार्गावर वाशिम जिल्ह्यात रस्त्यात पडलेल्या लोखंडी पत्र्यामुळे ५० हून अधिक गाड्यांचे टायर एकाच रात्री फुटले. अशा वेळी चालकाचा काय दोष, हा प्रश्न बहुतेक करारांत विचारलेलाच नाही.

मदत येईपर्यंत काय करावे?

गाडी शक्य तितकी डावीकडे घ्यावी, चारही इंडिकेटर लावावेत आणि लाल त्रिकोण बराच मागे ठेवावा. सगळ्यांनी उतरून कठड्यापलीकडे सुरक्षित जागी थांबावे. द्रुतगती मार्गावर गाडीत बसून राहणे सर्वात धोक्याचे. केवळ कंपनीच्या क्रेनवर विसंबू नये. राष्ट्रीय महामार्गांसाठी १०३३ आणि जिवाला धोका असेल तर ११२. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी हे एमएसआरडीसीचे रस्ते आहेत, तिथे रस्त्यावरच्या फलकांवरील मदत क्रमांक वापरावा. ही क्रेन सहसा जवळच्या सुरक्षित जागेपर्यंतच नेते, पण निदान गाडी वाहतुकीतून बाजूला होते. अचानक बिघडलेली आणि हलवण्याचे काम सुरू असलेली गाडी असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम २०१ मधला अडथळ्याचा दंड लागू होत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

कंपनीला फोनसोबतच ई-मेल किंवा चॅटवर वेळेसह लिहून कळवावे. स्थानिक मेकॅनिक आणायचा असेल तर आधी लेखी परवानगी मागावी, कारण परवानगीशिवाय केलेल्या दुरुस्तीचे पैसे नाकारले जातात. उत्तर आलेच नाही, तर तोही पुरावा. पैसे यूपीआयने द्यावेत आणि पावती घ्यावी.

दाद कुठे मागायची?

ॲपवरून गाडी घेतली असेल तर २०२० चे ई-कॉमर्स नियम कामी येतात. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिनाभरात तक्रार सोडवायची असते. तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पुढचा टप्पा जिल्हा ग्राहक आयोग. गाडी पणजीत घेतली असली आणि कंपनीचे कार्यालय बेंगळुरूत असले, तरी सांगलीचा ग्राहक सांगलीतच तक्रार करू शकतो. २०१९ च्या कायद्याने ही सोय दिली आहे. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आणि अर्ज ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन करता येतो.

‘वाद फक्त लवादाकडे, तोही आमच्या शहरात’ हे कलम वाचून अनेक जण माघार घेतात. लवादाचे कलम असले तरी ग्राहक मंचाचा मार्ग बंद होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये एका बांधकाम कंपनीच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे.