डोळ्यांतील चिकट शत्रु

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आतां आपल्या घरांतून इतकी सामान्य झाली आहे, कीं आजोबा सकाळीं रुग्णालयांत जातात आणि सायंकाळीं घरीं येऊन चहा मागतात. गढूळ झालेलें भिंग काढून त्या जागीं कृत्रिम भिंग बसविण्याची युक्ति लंडन येथें हॅरोल्ड रिडले यांनीं इ. स. १९४९ सालीं प्रथम योजिली. तिचे उपकार कोणीही नाकारणार नाहीं. परंतु क्वचित् ह्या नव्या भिंगावर असा एक पाहुणा वस्ती करितो, कीं त्यास घालवितांना डॉक्टरांची सारी विद्या पणास लागते.

आपल्या पापण्यांच्या कडांवर 'स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस' नांवाचे जंतु एरवीं निमूटपणें राहतच असतात. त्यांतले थोडे शस्त्रक्रियेच्या वेळीं आंत शिरून भिंगास चिकटले, म्हणजे ते आपल्याभोंवतीं बुळबुळीत द्रव्याचा थर पसरतात. यास 'बायोफिल्म' म्हणतात. आम्ही 'जंतुलेप' म्हणूं. (संस्कृतांतील 'श्लेष्मन्' हा शब्द 'श्लिष्', म्हणजे चिकटणें, ह्याच धातूपासून निघाला आहे.) सतराव्या शतकांत हॉलंडांतील लेवेनहूक यासही दांतांवरील किटणांत असेंच दिसलें होतें: आंबेनें बाहेरचे जंतु मेले, आंतले वांचले.

औषध कां हरतें? थर तें अडवितो, हें एक. पण खरी मेख निराळीच आहे. थरांतील कित्येक जंतु अर्धवट निजलेले असतात. व्हँकोमायसिनसारखें औषध जंतूची भिंत बांधली जात असतांना तिच्या कामांत खो घालतें. गवंडीच निजला असेल तर कोणाचा हात धरावयाचा? म्हणूनच प्रयोगशाळेंत मोकळे जंतु ज्या औषधानें मरतात, त्यानेंच डोळा बरा होईल अशी खात्री देतां येत नाहीं. अहवालांत 'औषध लागू' आणि डोळा मात्र लालच, हें पाहून घरची मंडळी डॉक्टरांवर रागावतात. तो राग बहुधा अस्थानीं असतो.

'क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस' हा जंतु तर अधिकच कावेबाज. शस्त्रक्रियेनंतर कित्येक महिन्यांनीं डोळा लाल होतो, थेंबांनीं निवळतो, थेंब थांबवितांच पुन्हां उसळतो. अशा वेळीं भिंगाची पिशवी, प्रसंगीं भिंगही, काढावें लागतें. शेवाळ नुसत्या पाण्यानें जात नाहीं, घासावें लागतें, तसाच हा प्रकार आहे.

तीव्र रोग मात्र बहुधा पहिल्या कांहीं दिवसांतच येतो. दृष्टि अचानक मंदावली, लाली वा ठणका वाढला, तर उद्यांची वाट न पाहतां त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. दुखत नाहीं म्हणून निश्चिंत राहूं नये. कांहींस वेदना होतच नाहींत. येथें नुसते थेंब पुरत नाहींत. औषध सुईनें डोळ्याच्या आंत सोडावें लागतें. इ. स. १९९५ सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेंतील परीक्षणांत असें दिसलें, कीं ज्यांस केवळ उजेडाचीच जाणीव उरली होती, त्यांस आंतील दूषित द्रव्य तात्काळ शस्त्रक्रियेनें काढल्यानें अधिक लाभ झाला. शस्त्रक्रियेपूर्वीं डोळ्यांत आयोडिनयुक्त द्राव घालतात, तो ह्या जंतूंचाच बंदोबस्त होय. डोळा चुरचुरला म्हणून आजींनीं कुरकुर करूं नये.

आतां घरांतील मुलींविषयीं दोन शब्द. बुबुळावर लावावयाच्या भिंगांच्या डबींतही हाच लेप धरतो, आणि तेथला 'स्यूडोमोनास' जंतु बुबुळास एकदोन दिवसांत मोठी इजा करूं शकतो. डबी नळाच्या पाण्यानें धुऊं नये, दर तीन महिन्यांनीं बदलावी, आणि जुन्या द्रावावर नवा ओतूं नये. भिंग लावून झोंपणें तर सर्वथा वर्ज्य.