शब्दांच्या परीक्षेत शब्द कोणाचे?

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रस्ता एकमेकांना मिळतात. जिल्ह्याच्या बोलीही शहरात अशाच येऊन मिळतात. सटाणा-मालेगावकडची अहिराणी, पेठ-सुरगाण्याची कोकणा बोली, उर्दू, हिंदी आणि पाठ्यपुस्तकातली प्रमाण मराठी. इथल्या वर्गात मुलांच्या शब्दसंग्रहाची चाचणी घेतली, तर त्यात नेमकं काय मोजलं जातं?

अशा चाचण्यांपैकी सर्वांत गाजलेली चाचणी लॉइड डन यांनी १९५९ मध्ये अमेरिकेत तयार केली. मुलासमोर चार चित्रं ठेवायची, एक शब्द उच्चारायचा आणि मुलाने योग्य चित्रावर बोट ठेवायचं. शब्द सोप्याकडून अवघडाकडे लावलेले असतात. मूळ चाचणीत सलग ८ शब्दांपैकी ६ चुकले की परीक्षक थांबत असे.

खरी मेख या थांबण्यात आहे. कोणता शब्द सोपा आणि कोणता अवघड, हे ज्या मुलांवर चाचणी प्रमाणित केली त्यांच्या उत्तरांवरून ठरतं. समजा, शहरी मुलांवरून क्रम लावला आणि 'सरकता जिना', 'लिफ्ट', 'टाय' हे शब्द सुरुवातीला आले. सुरगाण्याहून आलेली मुलगी तिथेच अडखळेल आणि चाचणी संपेल. राब भाजणं, आवणी, खुरासणी, वरई हे तिला नीट माहीत असलेले शब्द यादीत बहुधा नसतीलच. असले, तरी 'अवघड' म्हणून शेवटी असतील आणि तिथपर्यंत ती पोहोचणारच नाही.

न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांच्या वाट्याला हेच आलं. इंग्रजी शब्दांच्या चाचणीत ती मागे पडली, की उणीव त्यांच्या घरात शोधली जाई. पुढे माओरी समाजानेच १९८२ मध्ये 'कोहांगा रेओ' नावाच्या बालवाड्या सुरू केल्या. तिथे वडीलधारी माणसं चिमुकल्यांशी माओरीतच बोलतात. कॅनडात एलन बियालिस्टॉक आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १,७३८ मुलांचे गुण तपासले. द्विभाषिक मुलांचा इंग्रजी शब्दसंग्रह सरासरीने कमी भरला. पण सहा वर्षांच्या मुलांमध्ये ही तफावत मुख्यतः घरगुती शब्दांत होती, शाळेतल्या शब्दांत दोन्ही गटांतली मुलं जवळपास बरोबरीला होती. घरात ज्या भाषेत बोलणं होतं, त्या भाषेत घरचे शब्द येणार, हे उघडच आहे.

आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांची बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कन्नडमध्ये आणली. परदेशी चाचणी नुसती भाषांतर करून चालत नाही, ती इथल्या मुलांवर नव्याने प्रमाणित करावी लागते, ही जाण त्या कामामागे होती. मात्र 'मराठी मूल' म्हणजे एकच एक मूल नव्हे. गुण कमी पडले की 'मतिमंद', 'हळू शिकणारा' असा शिक्का बसतो आणि तो वर्षानुवर्षं पुसला जात नाही. कॅलिफोर्नियात कृष्णवर्णीय मुलांना अशाच चाचण्यांवरून वेगळ्या वर्गांत बसवलं जात होतं. १९७९ मध्ये न्यायालयाने 'लॅरी पी.' खटल्यात ते भेदभावाचं ठरवलं.

यावर शास्त्रीय उपाय आहेत. एक, मुलाला दोन्ही भाषांत विचारायचं आणि शब्दांऐवजी संकल्पना मोजायच्या: एखादी गोष्ट कोणत्याही एका भाषेत सांगता आली, तरी गुण द्यायचा. दोन, एकूण कुवत सारखी असूनही ज्या प्रश्नात एका समाजाचीच मुलं चुकतात, तो प्रश्न संख्याशास्त्राने हेरून काढून टाकायचा. तीन, आधी नवे शब्द शिकवायचे आणि मूल ते किती लवकर आत्मसात करतं, हे पाहायचं.

या उपायांसाठी लागणारी खर्चिक यंत्रणा उभी राहीपर्यंत एक गोष्ट आजही करता येईल. चाचणीच्या अहवालात मुलाची घरची बोली आणि चाचणीची भाषा, दोन्ही लिहिणं सक्तीचं करावं. दोन्ही वेगळ्या असतील, तर केवळ शब्दांच्या गुणांवरून कोणत्याही मुलाच्या बुद्धीवर निकाल देऊ नये.