सुरुंगाआधी शेजारी
(शहर घडताना : लेखांक ६)

खडकात भोके कशी पाडतात आणि त्यांतली स्फोटके काही मिलिसेकंदांच्या अंतराने, टप्प्याटप्प्याने का उडवतात, हे गेल्या लेखात पाहिले. ते तंत्र आता चांगलेच मुरले आहे. खरी कसोटी लागते ती सुरुंगाशेजारच्या घरांशी बोलताना.

खाणींजवळच्या घरांसाठी खाण सुरक्षा महासंचालनालयाने १९९७ साली कंपनांच्या मर्यादा ठरवून दिल्या. शहरातल्या कामांतही त्यांचा आधार घेतात. साध्या घराजवळ जमीन हादरण्याचा कमाल वेग, कंपनांच्या वारंवारतेनुसार, सेकंदाला ५ ते १५ मिलिमीटरपर्यंत चालतो. जुन्या, नाजूक वास्तूंसाठी मर्यादा २ मिलिमीटरपासून सुरू होते. माणसाला मात्र १ मिलिमीटरहून कमी वेगाची थरथरही जाणवते. म्हणजे भिंतीला काही होण्याच्या कितीतरी आधी मांडणीतली भांडी वाजतात आणि घरातल्यांच्या छातीत धस्स होते. मग माणूस भिंती निरखू लागतो आणि पाच वर्षांपूर्वीचा तडा त्याला पहिल्यांदाच दिसतो. तो खोटे बोलत नसतो. कंत्राटदारही खोटे बोलत नसतो. दोघांकडे पुरावा नसतो, एवढेच.

म्हणून पहिला सुरुंग उडवण्याआधी घरोघर पाहणी व्हायला हवी. प्रत्येक खोलीतल्या तड्याचा पट्टी लावून, तारखेसह फोटो, त्याच्या लांबी-रुंदीची नोंद, घरमालकाची सही आणि एक प्रत त्याच्या हातात. पुढे कंपनमापकावरचे आकडे त्याच दिवशी सोसायटीच्या फलकावर लावले, तर निम्मी भांडणे सुरूच होत नाहीत.

नोएडातले बेकायदा जुळे मनोरे २८ ऑगस्ट २०२२ रोजी सुमारे ३,७०० किलो स्फोटकांनी पाडले. पाडण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाचा होता; पण शेजारच्या एमराल्ड कोर्ट वसाहतीची सर्वांत जवळची इमारत अवघ्या ९ मीटरवर होती. आमच्या इमारतींची मजबुती आधी तपासा, असा आग्रह रहिवाशांनी धरला. स्फोट दुपारी अडीचला होता. आसपासच्या सुमारे ५,००० लोकांनी सकाळीच घरे सोडायची होती. त्या सकाळच्या तपासणीत वरच्या मजल्यावरच्या एका घरात एक जण गाढ झोपलेला सापडला. सुरक्षारक्षकांनी त्याला कसेबसे उठवून बाहेर काढले. नुसती नोटीस चिकटवून भागत नाही, दारावर थाप मारावीच लागते, ती यासाठी. मनोरे कोसळल्यावर शेजारच्या एटीएस व्हिलेजची कुंपणाची भिंत काही मीटर पडली, काचाही फुटल्या; पण सगळी माणसे सुखरूप राहिली.

पुण्याच्या चांदणी चौकातला जुना पूल त्याच वर्षी २ ऑक्टोबरच्या पहाटे एकच्या सुमारास उडवला. सुमारे ६०० किलो स्फोटके, जाळ्या, वाळूच्या गोण्या आणि २०० मीटरचा परिसर रिकामा, अशी तयारी होती. पूल पूर्ण पडला नाही. आतले पोलाद अपेक्षेपेक्षा दणकट निघाले आणि उरलेला भाग यंत्रांनी पाडावा लागला. त्यामुळे ‘इतक्या सेकंदांत सगळे सपाट’ असे आधी छातीठोकपणे सांगू नये. बेत फसला तर पुढे काय, रस्ता कधी उघडेल, हेही आधीच सांगावे.

न्यूयॉर्कच्या सेकंड ॲव्हेन्यू भुयारी रेल्वेच्या कामात २१ ऑगस्ट २०१२ रोजी ७२व्या रस्त्याजवळ सुरुंगाचे दगड थेट रस्त्यावर उडाले, दुकानांच्या काचा फुटल्या. कोणी जखमी झाले नाही, पण सुरुंगाचे काम थांबवावे लागले. पुढच्या वर्षी त्याच मार्गावर एका गाळ्यात माहिती केंद्र सुरू झाले, जिथे रहिवासी थेट जाऊन प्रश्न विचारू शकत.

तुमच्या गल्लीत सुरुंगाचे काम येणार असेल, तर चार गोष्टी लेखी मागा : घराच्या पाहणीची प्रत, कंपनांचे रोजचे आकडे, कोणता भोंगा कशासाठी याची माहिती, आणि तक्रारीला उत्तर देणाऱ्या जबाबदार माणसाचे नाव व फोन. भोके पाडायला सुरुवात होण्याआधीच मागा.

(पुढील लेखात : भुयारातून निघालेला दगड जातो कुठे?)