विंचवाच्या खुणेची फियाट

तुरिनमध्ये जुन्या गाड्यांचा मेळा भरला की माझ्या फियाट ५०० भोवती लोक जमतात. गाडी १९६९ सालची, लांबीला तीन मीटरही नाही. पांढऱ्या पत्र्यावर लाल पट्टा, नाकावर विंचवाचं चिन्ह. 'खरी अबार्थ आहे का?' हा प्रश्न ठरलेला. मी स्पष्ट सांगते, नाही. साध्या फियाटला अबार्थच्या रेसिंग गाडीचं रूप देऊन कार्लो अबार्थ या माणसाच्या कामाला केलेला हा मुजरा आहे.

दान्ते जाकोझा या इंजिनिअरने आखलेली ही गाडी जुलै १९५७ मध्ये तुरिनमध्येच बाजारात आली. मागे दोन सिलिंडरचं, हवेवर थंड होणारं ४७९ सीसीचं इंजिन, ताकद १३ अश्वशक्ती, वेग फार तर ताशी ८५ किलोमीटर. स्कूटरवरून फिरणाऱ्या इटालियन कुटुंबाला परवडेल अशी चारचाकी, एवढाच तिचा हेतू होता.

कार्लो अबार्थला तिच्यात रेसची गाडी दिसली. १९०८ मध्ये व्हिएन्नात जन्मलेल्या या माणसाची पाश्चात्त्य पद्धतीने रास वृश्चिक, म्हणून खूण विंचवाची. १९४९ मध्ये त्याने स्वतःची कंपनी काढली आणि सायलेन्सर विकून नाव कमावलं. फेब्रुवारी १९५८ मध्ये त्याने सुधारलेली ५०० मोन्झाच्या ट्रॅकवर सात दिवस, सात रात्री पळत राहिली. सरासरी वेग पडला ताशी १०८ किलोमीटर.

१९६३ ची अबार्थ ५९५ ही त्याच गाडीची पुढची पायरी. सिलिंडरचा व्यास ६७.४ मिलिमीटरवरून ७३.५ वर नेला, कॉम्प्रेशन वाढवलं, मोठा कार्ब्युरेटर आणि मोकळा श्वास घेणारा सायलेन्सर बसवला. ताकद झाली २७ अश्वशक्ती, वेग ताशी १२० किलोमीटर. मला सगळ्यात भावते ती पुढची गोष्ट. हेच सामान अबार्थ पेटीत भरूनही विकायचा. ज्याच्या दारात साधी ५०० उभी असेल, त्याने पेटी आणायची आणि गल्लीतल्या मिस्त्रीकडून बसवून घ्यायची. गॅरेजमध्ये घडलेली अबार्थ ही पहिल्यापासूनच या परंपरेचा भाग आहे.

माझी गाडी आली तेव्हा तळाचा पत्रा गंजून चाळण झाला होता. कुजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड केला. पुट्टी फासून झाकला नाही. मूळ इंजिन उतरवून, तेल लावून बाजूला ठेवलं आणि १९७२ मध्ये आलेल्या फियाट १२६ चं इंजिन चढवलं. त्याच्या सिलिंडरचा व्यास नेमका ७३.५ मिलिमीटर, म्हणजे ५९५ चंच माप. खाली अबार्थ धर्तीचा ॲल्युमिनियमचा ऑइल संप लावला. त्यात तेल जास्त मावतं आणि बाहेरच्या पट्ट्यांमुळे लवकर निवतं. इंजिनचं झाकण टेकू देऊन उघडं ठेवते, कारण हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाची धग बाहेर पडायला वाट हवी. गिअरबॉक्स मात्र जुनाच. गिअर खाली टाकताना डबल क्लच मारून इंजिनला मधेच रेस द्यावी लागते, नाहीतर दाते किरकिरतात.

माझे बाबा कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात फिटर होते आणि त्यांच्या कामाचाही अबार्थशी धागा जुळतो. अबार्थने कंपनी काढण्याआधी चिझितालिया या रेसिंग कंपनीत काम केलं आणि तिच्या गाड्या फियाट ११०० च्या इंजिनावर धावत. ते इंजिन मुळात १०८९ सीसीचं. कुर्ल्यात बनलेल्या पद्मिनीचंही तेवढंच. मुंबईत एकेकाळी धावणाऱ्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीचं माहेर तुरिनच. बाबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी इंजिनचे फोटो मागवले आणि हेडचे बोल्ट कुठल्या क्रमाने आवळले, तेवढंच विचारलं.

खऱ्या अबार्थला आज मोठी किंमत येते, म्हणून साध्या गाडीला विंचू चिकटवून फसवणारेही आहेत. विकत घेणाऱ्याने चिन्हावर न जाता चेसिस नंबर आणि कागदपत्रं तपासावीत. माझ्या गाडीच्या कागदावर 'फियाट ५००' असंच लिहिलंय, चेसिस नंबरला हात लावलेला नाही आणि बदललेलं इंजिन कागदोपत्री नोंदवलेलं आहे. उद्या कुणाला ती पुन्हा साधी करायची असेल, तर मूळ इंजिन आणि उतरवलेला प्रत्येक भाग जपून ठेवलाय. मुजरा करायचा तर तो उघडपणे आणि पूर्ण कष्टाने करावा, असं मला मनापासून वाटतं.