कचेरीतील पेढा आणि मधल्या वेळचे खाणे : झाडीपट्टीच्या संदर्भात काही विचार

कचेरीत वर्षभर जे पेढे वाटले जातात त्यांची नोंद कोणत्याही आवक-जावक वहीत होत नाही. बढती, बदली, निवृत्ती, मुलाचा दहावीचा निकाल, नवी दुचाकी, नातवाचे बारसे अशी निमित्ते मोजू लागल्यास एका माणसाच्या वाट्याला वर्षाकाठी दोन सहज येतात. पंचवीस माणसांच्या कचेरीत अशी पन्नास निमित्ते होतात. म्हणजे आठवड्याला एक पुडा जवळजवळ ठरलेलाच. सणांची मिठाई याहून वेगळी. ज्याला साखर कमी करावयाची आहे असा मनुष्य घरी कितीही संयमी असला तरी दिवसाचे सात-आठ तास तो या वातावरणात काढतो आणि तेथे त्याचा संयम एकट्याचा राहत नाही. हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. परंतु गोड खाण्याचा मोह हा केवळ मनोनिग्रहाचा विषय नसून तो जागेचा, सवयीचा आणि पुरवठ्याचाही विषय आहे, हे चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांत विशेष स्पष्टपणे दिसते. म्हणून त्याचा विचार येथे केला आहे.

प्रथम साखरेचा हिशेब. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली केलेल्या शिफारशीनुसार मुक्त शर्करांपासून मिळणारे उष्मांक एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांहून कमी असावेत आणि शक्य तर ५ टक्क्यांच्या आत ठेवावेत. २,००० उष्मांकांचा आहार धरल्यास ही मर्यादा अनुक्रमे ५० व २५ ग्रॅम होते. आता चहा पाहू. एका कपात दोन चमचे म्हणजे आठ ते दहा ग्रॅम साखर असते. कचेरीत दिवसाला चार कप घेणाराने केवळ चहातून ३२ ते ४० ग्रॅम साखर पोटात घातलेली असते आणि पेढ्याचा पुडा अद्याप उघडलेलाही नसतो! पेढ्याची बदनामी होते आणि चहा निर्दोष सुटतो, हा न्याय नव्हे. पेढा डोळ्यांत भरतो, चहातील साखर भरत नाही, एवढाच काय तो फरक. तेव्हा ज्याला एकच गोष्ट बदलावयाची असेल त्याने चहापासून आरंभ करावा. दोनाचा दीड व दीडाचा एक चमचा हा उतार काही आठवड्यांत जिभेला अंगवळणी पडतो.

या हिशेबाला पार्श्वभूमी आहे ती मधुमेहाच्या वाढीची. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लक्ष व मधुमेहपूर्व अवस्थेतील लोकांची सुमारे १३ कोटी ६० लक्ष असल्याचा अंदाज दिला होता. २०२५ च्या जुलै महिन्यात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या एका सूचनेवरून वृत्तपत्रांत मोठी चर्चा झाली. कामाच्या ठिकाणी खाद्यपदार्थांतील तेल व साखर यांची माहिती देणारे फलक लावावेत, असा त्या सूचनेचा आशय होता. बातम्यांत नागपूरच्या एम्सचे नाव आले, समोसा आणि जिलबी यांवर सिगारेटप्रमाणे इशारे छापले जाणार अशी हाकाटी झाली, आणि अखेर सूचना कोणत्याही विशिष्ट पदार्थाविरुद्ध नाही असा खुलासा शासनाला करावा लागला. जिलबीच्या कैवाराने लोक जितके उठले तितके तिच्यातील साखरेच्या चौकशीने उठले नाहीत, ही गोष्ट मोठी बोलकी आहे.

फलकाने माहिती मिळते. पण हात कोठे जातो हे बहुधा माहितीवर नव्हे तर अंतरावर ठरते, असे एक मत आहे. या मताच्या पुष्ट्यर्थ अमेरिकेतील ब्रायन वानसिंक यांच्या प्रयोगाचा दाखला वारंवार दिला जातो. कर्मचाऱ्यांच्या टेबलावर चॉकलेटचे भांडे पारदर्शक असले व हाताशी असले तर खाणे वाढते आणि भांडे अपारदर्शक करून काही पावलांवर ठेवले तर कमी होते, असा तो निष्कर्ष. आपल्या विद्यार्थ्यांनी हा दाखला देताना सावध असावे. वानसिंक यांचे अनेक शोधनिबंध पुढे मागे घेतले गेले आणि २०१८ साली कॉर्नेल विद्यापीठाने त्यांच्यावर संशोधनविषयक गैरवर्तनाचा ठपका ठेवला. कल्पना मात्र त्यामुळे आपोआप खोटी ठरत नाही. उपलब्धता व समीपता यांवरील प्रयोगांचे जे पद्धतशीर परीक्षण कॉक्रेन संस्थेने २०१९ साली प्रसिद्ध केले त्यातही, पदार्थ दूर ठेवल्याने अथवा त्याचे प्रकार कमी केल्याने सेवन घटू शकते, असाच कल आढळला. फक्त पुराव्याची खात्री कमी दर्जाची असल्याचे तेथे प्रांजळपणे नमूद केले आहे. एवढ्या पुराव्यावर कायदा करता येणार नाही, पण पेढ्यांचा पुडा साहेबांच्या टेबलावरून कपाटात हलवण्यास तो पुरेसा आहे.

आता आपल्या प्रदेशाकडे वळू. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याच्या दक्षिणेकडील व पूर्वेकडील तालुक्यांत, भामरागड, एटापल्ली, सिरोंचा या भागांत, कचेरीतल्या मधल्या वेळच्या खाण्यावर राज्य आहे ते बिस्किटाच्या पुड्याचे. त्याचे कारण आवडीत शोधणे व्यर्थ होय. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला म्हणजे भामरागडचा रस्ता तुटतो. केळी, पपई, दूध यांना वाटेत थांबणे परवडत नाही; बिस्किटाला परवडते. ते कुजत नाही, त्याला शीतकपाट लागत नाही, आणि पाच-दहा रुपयांत ते दोघांचे तोंड चालू ठेवते. शंभर ग्रॅम गोड बिस्किटात वीस ते तीस ग्रॅम साखर असणे सामान्य आहे व उरलेला भाग मुख्यतः मैदा आणि स्निग्ध पदार्थ यांचा. पुडक्याच्या पाठीमागे हे छापलेले असते, परंतु ते वाचावयाचे असते याची जाणीव अद्याप रुजावयाची आहे. तेव्हा या भागासाठी जो पर्याय सुचवावयाचा तो आरोग्यदायी असून भागत नाही; तो टिकाऊ, स्वस्त आणि पाण्यापावसात पोचणारा असला पाहिजे. शहरातील आहारतज्ज्ञ ज्या फळांच्या वाट्या व दह्याचे पेले सुचवितात ते या कसोटीवर पहिल्या सरीतच वाहून जातात.

या कसोटीला फुटाणे उतरतात. भाजलेल्या हरभऱ्यात सुमारे एक पंचमांश प्रथिने असतात, तंतुमय भाग भरपूर असतो, आणि त्यातील पिष्टमय पदार्थ सावकाश पचत असल्याने रक्तातील शर्करा एकदम चढत नाही व तासाभरात पुन्हा भूकही लागत नाही. साडेतीनच्या सुमारास जो गोडाचा मोह होतो तो पुष्कळदा दुपारच्या भाताने चढलेली शर्करा उतरू लागल्याचा परिणाम असतो. त्यावर पुन्हा साखर घालणे म्हणजे त्याच झोक्यावर पुन्हा बसणे होय. शेंगदाण्याचेही तसेच, मात्र त्यात सुमारे चाळीस टक्के स्निग्धांश असल्याने मूठभर म्हणजे तीसेक ग्रॅम दाण्यांतून दीडशेच्या वर उष्मांक मिळतात. बैठे काम करणाराने मूठ मोजावी. शिवाय झाडीपट्टीच्या दमट पावसाळ्यात ओल लागलेल्या दाण्यांवर बुरशी धरून अफ्लाटॉक्सिन हे विष निर्माण होऊ शकते. कडवट, काळपट वा सुरकुतलेला दाणा चव न पाहताच टाकावा. मीठ लावलेले फुटाणे-दाणे टाळलेले बरे, कारण साखर सोडून रक्तदाबाकडे जाण्यात काही लाभ नाही.

मुरमुऱ्याविषयी येथे एक गैरसमज आहे. भाताच्या या प्रदेशात मुरमुरे हे हलके व म्हणून हितकर खाणे समजले जाते. ते हलके आहेत ते वजनाला. फुलविलेल्या तांदळातील पिष्ट अतिशय लवकर पचते व रक्तशर्करा वेगाने चढविते. म्हणून निव्वळ मुरमुरे हा मिठाईचा पर्याय नव्हे. निम्मे फुटाणे, थोडे दाणे, कांदा व लिंबू घालून केलेला भेळा मात्र चालण्यासारखा आहे.

ऋतूप्रमाणे रानही हात देते. दिवाळीच्या आगेमागे मालगुजारी तलावांतून ढिवर समाजाचे लोक शिंगाडे काढतात आणि उकडलेले शिंगाडे रस्त्याच्या कडेला विकावयास बसतात. त्यात प्रथिने विशेष नाहीत, पण वरून घातलेली साखर मुळीच नाही व सोलून खावयाचे असल्याने खाण्याचा वेग आपोआप मंदावतो. हिवाळ्यात बोरे व आवळे, उन्हाळ्यात टेंभरे व चारे, मृगाच्या सुमारास जांभळे. यांपैकी चाराची कथा मात्र खेदजनक आहे. त्याच्या बियांतून निघणाऱ्या चारोळीत निम्म्याहून अधिक स्निग्धांश व सुमारे एक पंचमांश प्रथिने असतात. परंतु ती महाग असल्याने गोळा करणारे कुटुंब ती खात नाही, विकते. आणि मग तीच चारोळी बर्फीवर चिकटून कचेरीत परत येते.

मोहफुलांचा विषय याहून नाजूक आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील ग्रामसभांचा अधिकार मान्य केला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावास २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. २०२१ साली राज्य शासनाने मोहफुलांच्या संकलनावरील व वाहतुकीवरील निर्बंध शिथिल केले. यामुळे फूल दारूच्या भट्टीऐवजी खाद्यपदार्थांकडे वळावे ही इच्छा बळावली असून मोहाचे लाडू, सरबत, मुरंबा असे पदार्थ बचत गटांच्या स्त्रिया करू लागल्या आहेत. हा उद्योग वाढावा असे प्रस्तुत लेखकास मनापासून वाटते. परंतु हे लाडू ‘साखरविरहित’ म्हणून मधुमेह्याच्या हाती ठेवणे शास्त्राला धरून नाही. वाळलेल्या मोहफुलाच्या वजनाचा सुमारे निम्मा भाग, पुष्कळदा त्याहूनही अधिक, शर्करांचाच असतो. त्यात गूळ मिसळला की ती मिठाईच झाली. अख्खी फुले भाजून किंवा उकडून पूर्वी जशी खात तशी मूठभर खाल्ली तर ती मनुकांच्या पंक्तीला बसतात, त्यांत तंतू व काही खनिजे मिळतात, इतके म्हणता येईल. मध, गूळ, मोहाचा पाक हे नैसर्गिक आहेत हे खरेच. पण मध आणि पाक यांतील साखर मुक्त शर्करांच्या हिशेबातच धरली जाते. विक्रीच्या कागदावर खरे ते लिहिले तर स्त्रियांच्या या धंद्याला दीर्घकाळ टिकणारा ग्राहक लाभेल.

खाणारा कोण, हाही प्रश्न आहेच. वनरक्षक, आशा कार्यकर्ती, तेंदू संकलनाच्या हंगामात राबणारा मजूर यांना दिवसभराच्या पायपिटीनंतर गूळ-शेंगदाणा हे उत्तम खाणे आहे. अशक्त शरीराला उष्मांक हवे असतात आणि त्यांना संयमाचा उपदेश करणे हे अज्ञानच नव्हे तर उद्धटपणाही होय. हाच लाडू जिल्हा कचेरीतील लेखनिकाला वेगळा पडतो. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रात आणि कोळसा खाणींत रात्रपाळी करणाराला तो आणखी वेगळा पडतो, कारण रात्रीच्या वेळी शरीराचे शर्करानियमन मंदावते आणि तेच खाणे दिवसापेक्षा रक्तशर्करा अधिक चढविते. १९४८ च्या कारखाना कायद्याने २५० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत उपाहारगृहाची तरतूद केली होती. तेथे पहाटे तीन वाजता काय मिळावे याचा विचार मात्र क्वचितच झाला. उकडलेले अंडे, उसळ, फुटाणे ही त्या वेळची सोपी उत्तरे आहेत. याला एक अपवाद नोंदविला पाहिजे. इन्सुलिन वा तत्सम औषध घेणाऱ्या सहकाऱ्याची शर्करा एकाएकी उतरल्यास साखरच द्यावी लागते. म्हणून कचेरीच्या खणात थोडी साखर असावी व ती कोठे आहे हे इतरांस ठाऊक असावे.

आता राहिला तो सर्वांत अवघड भाग. पेढा नाकारणे म्हणजे देणाराचा आनंद नाकारणे, असा आपल्याकडील समज आहे, आणि तो सर्वस्वी चुकीचाही नाही. ‘मला चालत नाही’ असे सांगणारा जणू दुसऱ्याच्या मुलाच्या यशावर पाणी टाकतो. म्हणून नकाराचा भार एकेकट्या माणसावर ठेवण्यापेक्षा वाटण्याची वस्तूच बदलणे श्रेयस्कर. निवृत्त होणाऱ्या शिपाईमामांनी टोपलीभर बोरे आणली तर कोणाचेही तोंड कडू होत नाही, आणि वाटताना दोन गोष्टी अधिक बोलल्या जातात. जेथे पेढा टळत नाही तेथे अर्धा घ्यावा व उरलेला शेजाऱ्यास द्यावा. त्या दिवशीचा एक चहा बिनसाखरेचा घ्यावा म्हणजे हिशेब जुळतो.

आमच्या विभागात बिस्किटांच्या जागी फुटाण्यांचा पत्र्याचा डबा ठेवून पाहिला. पहिल्या पंधरवड्यात तो तसाच भरलेला राहिला, कारण बिस्किटांचा पुडा कोणीतरी खणात जपून ठेवला होता. तो संपल्यावर डबा रिता होऊ लागला. जुलैत फुटाणे सादळले तेव्हा तक्रार आली ती गोड नसल्याची नव्हे, कुरकुरीत नसल्याची. तेव्हापासून डब्याचे झाकण घट्ट बसणारे घेतले आहे आणि पावसाळ्यात आठवड्याला पुरतील एवढेच फुटाणे आणले जातात.