फ्रंटपेज बंद झाले. शाळेच्या पानांचे काय?

जालना जिल्ह्यातील एखाद्या माध्यमिक शाळेचे उदाहरण घेऊ. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक आहे. पावसाळ्यात विद्यार्थी रोज सकाळी पाऊस मोजून वहीत लिहितात. विज्ञानाच्या शिक्षकांनी २००४ साली 'फ्रंटपेज' ही आज्ञावली वापरून या नोंदींची पाने तयार केली आणि शाळेच्या संकेतस्थळावर ठेवली. पुढेही त्याच जुन्या संगणकावर ते दरवर्षी त्यांत भर घालत राहिले. २०१२ साली पावसाने दगा दिला आणि जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा वाळल्या, त्या वर्षाचे आकडेही या पानांत आहेत. आता जुना संगणक बंद पडला. नव्यावर फ्रंटपेज नाही, आणि मोबाइलवर पान उघडले तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची गर्दी दिसते. आता कोणती आज्ञावली घ्यावी?

उदाहरण कल्पित आहे, पण अडचण खरी आहे. फ्रंटपेज १९९५ मध्ये व्हर्मीर टेक्नॉलॉजीज या अमेरिकी कंपनीने आणले. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी विकत घेतली. फ्रंटपेजची शेवटची आवृत्ती २००३ ची. २००६ मध्ये ते बंद झाले. त्याच्या जागी आलेल्या 'एक्स्प्रेशन वेब'चेही काम २०१२ मध्ये थांबले. म्हणजे ज्यांनी कंपनीनेच सुचवलेला पर्याय निवडला, त्यांच्यापुढे सहा वर्षांत तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला. म्हणून 'सर्वांत चांगली आज्ञावली कोणती?' याआधी दुसरा प्रश्न विचारायला हवा: आपले पान संगणकात कोणत्या रूपात साठवलेले असते?

संकेतस्थळाचे पान म्हणजे साधा मजकूर असतो. हे शीर्षक, हा परिच्छेद, हा तक्ता, असे सांगणाऱ्या खुणा त्यात पेरलेल्या असतात. या खुणांच्या भाषेला एचटीएमएल म्हणतात. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत ती तयार केली. त्यांचे पान लिहिण्याचे साधन 'नेक्स्ट' नावाच्या संगणकावर चालत असे. त्या संगणकांचे उत्पादन १९९३ मध्येच थांबले. पण १९९१ च्या सुमारास लिहिलेली पाने आजच्या मोबाइलवरही वाचता येतात. साधन गेले तरी पाने टिकली, कारण खुणांची भाषा कोणा एका कंपनीची नव्हती.

मग आपल्या शाळेची पाने का बिघडली? याची कारणे दोन.

पहिले कारण म्हणजे फ्रंटपेजच्या खास सोयी. भेटींची संख्या दाखवणारा गणक, अभिप्रायाचा अर्ज, शोधपेटी हे भाग चालण्यासाठी, पाने जिथे ठेवली त्या संगणकावरही फ्रंटपेजची जोड लागत असे. ती जोड काढली गेली की हे भाग निकामी होतात. मजकूर व तक्ते मात्र शाबूत राहतात.

दुसरे कारण मराठीचे. संगणक प्रत्येक अक्षर क्रमांकाच्या रूपात साठवतो. ६५ हा क्रमांक इंग्रजी 'ए'चा. जुन्या मराठी फाँटमध्ये अशा इंग्रजी क्रमांकांच्याच जागी मराठी आकार बसवलेले असत, आणि त्यांची मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी असे. तो फाँट संगणकावर नसेल, तर ६५ च्या जागी 'ए'च दिसणार! युनिकोडमध्ये तसे नाही. तेथे 'क'चा क्रमांक २३२५ आणि तो जगात सर्वत्र 'क'च असतो. म्हणून जुना मजकूर फाँट-परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणावा लागतो. येथे एक काळजी घ्यावी. जुन्या पद्धतीत 'कि' साठवताना आधी वेलांटी व मग 'क' येई. युनिकोडमध्ये आधी 'क' (२३२५) व मग वेलांटी (२३६७) येते. त्यामुळे परिवर्तनात ऱ्हस्व वेलांटी, रफार व जोडाक्षरे चुकण्याची शक्यता असते. तक्त्यातील आकडे तर मूळ वहीशी ताडून पाहावेत. अक्षर चुकले तर वाचताना कळते, पण ४२ चे २४ झाले तर कळत नाही.

आता आज्ञावली निवडताना चार गोष्टी पाहाव्या. ती साधे एचटीएमएल साठवते का? युनिकोड मजकूर यूटीएफ-८ या पद्धतीने साठवते का? आपली सर्व पाने हवी तेव्हा बाहेर काढता येतात का? आणि ती नसतानाही पाने उघडतात का? नोटपॅडसारखा साधा संपादक या चारही कसोट्यांना उतरतो. मात्र खुणा स्वतः शिकाव्या लागतात. पान दिसते तसेच मांडायचे असेल, तर सीमंकी संचातील 'कंपोझर' मोफत मिळतो. अनेक शिक्षक मिळून वारंवार लिहिणार असतील तर वर्डप्रेस सोयीचे. ते विनामूल्य व मुक्त असून त्यातला मजकूर बाहेर काढता येतो, पण त्याची देखभाल सतत करावी लागते. केवळ एखाद्या कंपनीच्या संकेतस्थळावरच चालणारी मोफत सोय घेताना तिसरा प्रश्न विसरू नये. याहूने 'जिओसिटीज' ही सेवा अमेरिकेत ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केली, तेव्हा पाने वेळेत उतरवून न घेतलेल्या अनेकांनी ती गमावली.

पावसाच्या नोंदींसारख्या पानांना साधा संपादक पुरेसा आहे. आकड्यांची एक प्रत साध्या मजकुराच्या फाइलमध्ये वेगळी ठेवावी, आणि वही तर जपावीच.

वर्गात करून पाहा: शाळेचे एक पान नोटपॅडमध्ये उघडा. मराठी मजकूर वाचता येतो का? त्यातला 'पाऊस' हा शब्द शोधून सापडतो का? तेच पान मोबाइलवर नीट दिसते का? तिन्ही उत्तरे 'हो' आली, तर उद्या कोणतीही आज्ञावली बंद पडली तरी ती नोंद पुढच्या विद्यार्थ्यांना वाचता येईल.